भार देवावर
तेरेखोलपासून काणकोणपर्यंत गोमंतकीयांना परिचित असलेले संत जुझे वाझ १६५१ साली बाणावलीस जन्मले. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. म्हणून १६८७ साली ते गरीब मजुराच्या वेषात जाफन्यास पोहोचले. येताच आमांशाने अंथरुणास खिळले. आखलेले बेत तिथेच संपले. देवावर भार टाकून ते पडून राहिले आणि अनोळखी हातांनी दिलेल्या पेजेवर वाचले. १६९२ साली कँडीत हेर समजून त्यांना कैद झाली. त्या कैदेत ते सिंहली शिकले. असा अभ्यास कोणी ठरवून थोडाच करतो? १६९७ च्या देवीच्या साथीत, आप्तांनी टाकलेल्या रुग्णांची त्यांनी शुश्रूषा केली. १७११ साली त्यांनी कँडीतच देह ठेवला. गोव्यास परतणे झाले नाही.