शाळामास्तर ते शांतिदूत : ऊ थांट

दोन महासत्ता अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभ्या असताना त्यांना सन्मानाने माघारी वळण्याची वाट ज्या पुरुषाने खुली करून दिली, तो मूळचा एका छोट्या गावचा शाळामास्तर होता आणि निष्ठावान बौद्ध होता. आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत त्याच्या चरित्राला स्थान मिळणे म्हणूनच उचित ठरते.

ऊ थांट यांचा जन्म २२ जानेवारी १९०९ रोजी ब्रह्मदेशात, इरावती नदीच्या त्रिभुज प्रदेशातील पांतानॉ या गावी झाला. ‘ऊ’ हे त्या देशातील आदरार्थी संबोधन. त्यांचे नाव केवळ थांट. चौदाव्या वर्षी पितृछत्र हरपले. वारशाच्या वादात कुटुंबाची मालमत्ता गेली. चार भावांत थोरले असल्याने रंगूनमधील महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते गावच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले आणि पंचविशी गाठण्यापूर्वीच मुख्याध्यापक. तेथील सहकारी ऊ नू हे पुढे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पंतप्रधान झाले आणि त्यांनी आपल्या या मित्रास शासनाच्या सेवेत आणले. डिसेंबर १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हा देशाची सूत्रे ऊ नू यांच्याच हाती होती.

१९५७ मध्ये ऊ थांट संयुक्त राष्ट्रसंघात ब्रह्मदेशाचे प्रतिनिधी झाले. सप्टेंबर १९६१ मध्ये महासचिव डाग हॅमरशोल्ड यांचे विमान अपघातात निधन झाले. अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनाही चालेल असा माणूस शोधता शोधता जग ऊ थांट यांच्यापाशी येऊन थांबले. या पदावर बसलेले ते पहिले आशियाई. मे १९६२ मध्ये त्यांचा तरुण मुलगा रंगूनमध्ये अपघातात दगावला. ते दुःख मनात ठेवूनच ते कर्तव्य करीत राहिले. त्यानंतर पाचच महिन्यांनी त्यांच्या कसोटीचा क्षण आला.

सोव्हिएत संघाने क्युबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे आणली होती. २२ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्युबाची सागरी नाकेबंदी जाहीर केली. सोव्हिएत जहाजे तिच्या दिशेने निघालेलीच होती. २४ ऑक्टोबरला, म्हणजे राष्ट्रसंघाच्या स्थापनादिनीच, ऊ थांट यांनी केनेडी व ख्रुश्चेव्ह या दोघांना एकाच मजकुराचा संदेश पाठवला. त्यात कोणालाही दोषी ठरवले नव्हते. दोन-तीन आठवड्यांसाठी एकाने शस्त्रे पाठवणे आणि दुसऱ्याने नाकेबंदी स्वेच्छेने थांबवावी, एवढेच आवाहन होते. ख्रुश्चेव्ह यांनी ते मान्य केले. परंतु तळांची उभारणी सुरूच राहील, ही केनेडींची अडचण होती. तेव्हा त्यांनी मागणी आणखी लहान केली : जहाजे काही काळ नाकेबंदीपासून दूर ठेवावीत आणि अमेरिकेने त्यांच्याशी थेट सामना टाळावा. दोघांनीही होकार दिला.

अंतिम निर्णय त्या दोन नेत्यांचा आणि त्यांच्यातील पत्रव्यवहाराचा, हे इतिहासाच्या अभ्यासकाने मान्य केलेच पाहिजे. पण विचाराला लागणारा वेळ ऊ थांट यांनी मिळवून दिला. शत्रूपुढे नमणे नामुष्कीचे वाटते. जगाच्या प्रतिनिधीची विनंती मानण्यात मात्र कमीपणा नसतो, हे त्यांनी ओळखले होते. २८ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे परत नेण्याचे मान्य केले. आपल्याला विचारात न घेतल्याने क्युबाचे नेते कॅस्ट्रो संतापले होते. ऊ थांट स्वतः हवानाला गेले. कॅस्ट्रोंनी आपल्या भूमीवर तपासणी नाकारली. परंतु पाडलेल्या अमेरिकी टेहळणी विमानातील मृत वैमानिकाचे पार्थिव परत देण्यास ते राजी झाले. जानेवारी १९६३ मध्ये दोन्ही महासत्तांनी संयुक्त पत्राद्वारे ऊ थांट यांचे आभार मानले.

प्रत्येक वेळी यश आले नाही. व्हिएतनाम युद्ध थांबवण्याच्या त्यांच्या प्रयत्नांनी अमेरिकी राज्यकर्ते नाराज झाले, तरीही ते बोलत राहिले. मराठीत ‘उपेक्षा’ म्हणजे दुर्लक्ष. धम्मातील ‘उपेक्खा’ मात्र समतोल चित्त. मैत्री आणि करुणेविना तो समतोल अपुरा असतो. ऊ थांट यांची तटस्थता या दुसऱ्या अर्थाची होती.

२५ नोव्हेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. मायदेशी लष्करी राजवटीने त्यांच्या पार्थिवास शासकीय सन्मान नाकारला. तेव्हा रंगूनच्या विद्यार्थ्यांनी शवपेटी ताब्यात घेतली आणि विद्यापीठाच्या आवारात त्यांना सन्मानाने विसावा दिला. सैन्याने ती तेथून हलवली; विरोध करणाऱ्यांपैकी काहींना प्राणांस मुकावे लागले. अखेर श्वेडगोन पॅगोड्याजवळ त्यांचा दफनविधी झाला. ज्याने जगातील बलाढ्यांना समजावले, त्याला स्वतःच्या देशातील सत्ताधीशांनी नाकारले. पण या शिक्षकाचा अखेरचा मान राखायला विद्यार्थीच धावून आले. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.