हम्फ्री डेव्ही: तांबं वाचलं, पण जहाज मंदावलं!

तुम्ही रील बघता तेव्हा कुठल्यातरी डेटा सेंटरमधला सर्व्हर तापत असतो. बऱ्याच ठिकाणी ही उष्णता हीट एक्स्चेंजरमधून पाण्याला दिली जाते. म्हणजे धातूच्या पातळ भिंतीच्या एका बाजूला गरम द्रव, दुसऱ्या बाजूला थंड पाणी. या पाण्याचे त्रास तीन: क्षार साचणं, धातू गंजणं आणि शेवाळ-जिवाणू वाढणं. या तिन्हींचे धागे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका माणसापर्यंत जातात.

हम्फ्री डेव्हीचा जन्म १७७८ चा, इंग्लंडमधल्या पेन्झन्सचा. वडील लवकर गेले, मग एका सर्जनकडे उमेदवारी केली. कॉलेज नाहीच, रसायनशास्त्र स्वतःच शिकला. १८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला. विजेच्या मदतीने त्याने १८०७ मध्ये सोडियम आणि पोटॅशियम, तर १८०८ मध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगळं केलं. हे शेवटचे दोन ओळखीचे वाटतायत? गिझरमध्ये जमणारा पांढरा थर यांच्याच क्षारांचा. हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत तोच थर बसला की उष्णता नीट बाहेर पडत नाही.

१८१५ मध्ये त्याने खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवला, १८२० मध्ये तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. नाव शिखरावर असतानाच ब्रिटिश नौदलाने एक प्रश्न समोर ठेवला: जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे खाऱ्या पाण्यात झिजतात, काय करायचं?

डेव्हीचं उत्तर साधं होतं. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडायचे. खाऱ्या पाण्यात या दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि तांब्याऐवजी जोडलेला तुकडा झिजतो. १८२४ मध्ये जहाजांवर प्रयोग झाले. तांबं खरंच वाचलं!

पण तळाला शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव चिकटले, जहाजं मंदावली. कारण झिजणाऱ्या तांब्यातून पाण्यात उतरणारा अंशच या जीवांना मारत होता. झीज थांबली, तसं ते विषही थांबलं. १८२५ मध्ये नौदलाने तुकडे काढायला लावले, डेव्हीवर टीका झाली. पुढे तब्येत ढासळली आणि १८२९ मध्ये, पन्नाशीतच, तो जिनिव्हात वारला.

कल्पना मात्र टिकली. समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या बोटींच्या इंजिनांत आजही जस्ताचे असे तुकडे बसवतात. आणि त्याला बसलेला फटका कूलिंग सिस्टिम सांभाळणाऱ्यांचा रोजचा धडा आहे. पाणी जास्त आम्लधर्मी झालं तर क्षार जमत नाहीत, पण धातू गंजतो. अल्कधर्मी केलं तर गंज कमी होतो, पण थर जमतो. कूलिंग टॉवरमध्ये पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहून घट्ट होत जातात, म्हणून थोडं पाणी सतत काढून ताजं भरावं लागतं. शिवाय जंतुनाशकही हवंच.

एकच आकडा बघून पाणी 'चांगलं' ठरवलं, तर दुसरीकडून त्रास होणारच. डेव्हीसारख्या हुशार माणसालाही तो चुकला नाही.