लिओ फेंडर : न वाजवणारा कारागीर

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी गिटार वाजवली. पूर्ण ॲम्प्लिफायर घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून हातात मावेल एवढा प्रीॲम्प घेतला होता. तो मी थेट सभागृहाच्या लाउडस्पीकरला जोडला. आवाज निघाला तो पत्र्यावर वाळू ओतावी तसा! आमच्या मित्रमंडळात लगेच दोन तट पडले. एक तट म्हणे, व्हॉल्व्हचा पूर्ण ॲम्प्लिफायर हवाच. दुसरा म्हणे, ते ओझे आता कोण वाहणार? या वादाचा निकाल लावण्यासाठी मी वाचू लागलो आणि लिओ फेंडर या माणसाशी गाठ पडली.

फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात, संत्र्यांची बाग असलेल्या एका कुटुंबात झाला. आठव्या वर्षी आजारामुळे त्यांचा डावा डोळा काढावा लागला. रेडिओचा नाद लहानपणापासूनचा. पण कॉलेजात ते शिकले हिशेब. विजेची विद्या त्यांनी आपली आपणच मिळवली. मंदीच्या काळात हिशेबनिसाची नोकरी गेली, तेव्हा १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्जाऊ घेऊन त्यांनी फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले.

या दुकानात वादक आपले बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन येत. कुठला भाग तापून जळतो, कुठला जोड हादऱ्याने निखळतो, हे दुरुस्ती करता करता त्यांना कळत गेले. १९४६ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने व्यवसाय सुरू केला. १९५० मध्ये त्यांची भरीव लाकडाची गिटार आली; तीच पुढे टेलिकास्टर म्हणून गाजली. १९५१ मध्ये इलेक्ट्रिक बास आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. आश्चर्य असे, की या माणसाला स्वतःला गिटार कधीच वाजवता आली नाही! नवा नमुना झाला की ते तो वादकांच्या हाती देत, त्यांची गाऱ्हाणी ऐकत आणि पुन्हा कामाला बसत.

आता आमच्या वादाकडे येतो. गिटारमधून निघणारा विजेचा संदेश फार क्षीण असतो. प्रीॲम्प तो मोठा करतो आणि खर्ज-तीव्र यांचा तोल सांभाळतो. पण स्पीकर हलवण्याची ताकद त्याच्यात नसते. ते काम पुढच्या पॉवर ॲम्पचे. व्हॉल्व्हच्या पूर्ण ॲम्प्लिफायरमध्ये हे पुढचे व्हॉल्व्ह आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर जोरात चालवले की तेही आवाजाला आपला रंग देतात. त्यातच गिटारचा स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरचा कर्कशपणा बराचसा गाळून टाकतो. सभागृहाचा लाउडस्पीकर तो गाळत नाही. माझी वाळू कुठून आली, ते मला इथे उमगले.

फेंडर यांचा बासमन हा ॲम्प्लिफायर १९५२ मध्ये बाससाठी निघाला. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर त्याला १० इंची चार स्पीकर लागले आणि गिटारवाल्यांनीच तो उचलून धरला. लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये आपला पहिला ॲम्प्लिफायर केला, तो याच रचनेवरून. म्हणजे ज्या दोन आवाजांवरून आजही वाद होतात, त्यांचे मूळ एकच!

तरीही फेंडर हे सगळे एकाच पेटीत कोंबले पाहिजे अशा हट्टाचे नव्हते. घुमारा देणारे स्प्रिंगचे रिव्हर्ब त्यांनी १९६१ मध्ये वेगळ्या पेटीतच विकायला काढले. ते १९६३ मध्ये ॲम्प्लिफायरच्या आत गेले.

पुढे प्रकृती ढासळली. आपण आता फार दिवस जगत नाही, असे वाटून त्यांनी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. आपले नाव दुसऱ्याच्या मालावर जाताना पाहणे त्यांच्या नशिबी आले. सीबीएसने त्या नावाने काढलेले ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर वादकांना रुचले नाहीत. फेंडर मात्र बरे झाले! १९७५ मध्ये ते म्युझिक मॅन कंपनीचे अध्यक्ष झाले. त्या कंपनीच्या ॲम्प्लिफायरमध्ये पुढचा प्रीॲम्प ट्रान्झिस्टरचा आणि मागची ताकद व्हॉल्व्हची, अशी वाटणी होती. सगळेच व्हॉल्व्ह हवेत, असा आग्रह त्यांच्या कंपनीनेही धरला नाही, हे वाचून मला मोठा धीर आला. नंतर जॉर्ज फुलर्टन यांच्याबरोबर त्यांनी जी अँड एल ही कंपनी काढली. पार्किन्सनने हात कापू लागले, तरी कामावर येणे त्यांनी सोडले नाही. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

आमच्या वादात दोन्ही तट अर्धेच बरोबर होते. व्हॉल्व्हचा पूर्ण ॲम्प्लिफायर जोरात वाजवताना जो जिवंतपणा देतो, तो नुसत्या प्रीॲम्पमधून येत नाही, हे खरे. पण फेंडर यांचाच ट्विन रिव्हर्ब सुमारे २९ किलो भरतो; तो जिन्यावरून चढवून घरात हळू वाजवायचा, तर त्याचे अर्धे गुण झाकलेलेच राहतात. मी नवा ॲम्प्लिफायर घेतला नाही. त्याच प्रीॲम्पला एक छोटा पॉवर ॲम्प आणि मित्राच्या मोडक्या ॲम्प्लिफायरमधला गिटारचा स्पीकर जोडला. वाळू गेली.

मी काढलेल्या आवाजाला मी नावे ठेवत होतो, पण तो कुठे बिघडतो हे कधी नीट ऐकले नव्हते. फेंडर यांनी वाजवायला न शिकता आयुष्यभर ऐकले. आम्ही मात्र वाजवायला शिकलो आणि ऐकायचे राहूनच गेले.