रस्त्याकडेची पाटी व हॅरिएट टबमन

अमेरिकेंतील मेरिलँड संस्थानांत डॉर्चेस्टर नांवाचा एक परगणा आहे. चेसापीक उपसागराच्या पूर्वेस पसरलेली सपाट शेतें, रानें व दलदल असें तेथील भूमीचें रूप. त्या देशांत रस्त्याच्या कडेस धातूच्या पाट्या उभारून वाटसरूंस स्थानिक इतिहास सांगण्याची चाल आहे. यादवी युद्धाच्या शताब्दीनिमित्त या परगण्यांतील बकटाउन खेड्याजवळ अशीच एक पाटी उभारण्यांत आली. स्वतः दास्यांतून सुटून सुमारें ३०० गुलामांस उत्तरेस नेणाऱ्या हॅरिएट टबमन यांचें स्मरण तींत केलें आहे. चार ओळींत जें मावलें नाहीं तें आमच्या विद्यार्थ्यांस कळावें म्हणून हें अल्पसें चरित्र.

बाईंचें मूळ नांव अरमिंटा रॉस. आईबाप दोघेही गुलाम. गुलामाच्या मुलाची जन्मतिथि कोण लिहून ठेवणार? तथापि सन १८२२ च्या मार्च महिन्यांत सुईणीस दोन डॉलर दिल्याची नोंद एका जमीनदाराच्या हिशेबांत सांपडली, आणि तीवरून त्यांचा जन्म त्या सुमाराचा मानतात. तो झाला तोही बकटाउन येथें नव्हे, तर पश्चिमेस कांहीं मैलांवर, पीटर्स नेक या ठिकाणीं.

लहानपणींच या मुलीस परक्यांच्या घरीं कामास धाडण्यांत आलें. हिवाळ्यांत थंड पाण्यांत उतरून पाणउंदरांचे सांपळे पाहावे, आणि चुकल्यास चाबूक खावा, हेंच तिचें बाळपण. तिच्या तीन बहिणी विकल्या गेल्या, त्या कुटुंबास कायमच्या अंतरल्या. पुढें बकटाउनच्या दुकानांत, पळणाऱ्या एका गुलामावर मुकादमानें फेकलेलें दोन रत्तलांचें वजन हिच्या डोक्यावर बसलें. जीव वांचला, परंतु बोलतां बोलतां एकाएकीं झोंप लागावी अशी व्याधि जन्मभर मागें लागली. देवावरील तिचा विश्वास मात्र या दुःखांत अधिकच दृढ झाला. वडील लांकूडतोडीचें काम करीत. त्यांच्याबरोबर राहून रानाच्या वाटा तिच्या परिचयाच्या झाल्या.

सन १८४४ च्या सुमारास जॉन टबमन यांच्याशीं विवाह झाल्यावर बाईंनीं आईचें हॅरिएट हें नांव घेतलें. सन १८४९ त धनी वारला. आतां आपणही विकल्या जाणार हें ओळखून त्या एकट्या निघाल्या व रात्रीच्या प्रवासानें पेन्सिल्वेनिया संस्थानांत पोंचल्या. स्वतः मुक्त झाल्या, पण आप्त बंधनांतच राहिले. तेव्हां हें सुख त्यांस पुरें वाटेना. पुढच्या वर्षीं कायदा अधिक कडक झाला आणि उत्तरेंतूनही पळालेल्यांस धरून परत नेऊं लागले. तरीही बाई पुनःपुन्हा मेरिलँडांत शिरत आणि आपल्या माणसांस थेट कानडांत पोंचवीत. मोठ्या रात्री मिळाव्या म्हणून त्या हिवाळा पसंत करीत. शनिवारीं निघत, कारण सोमवारपर्यंत फरारी गुलामांची जाहिरात छापली जात नसे. क्वेकर पंथाचे लोक व स्वतंत्र झालेले काळे बांधव वाटेंत आसरा देत. सन १८५७ त त्यांनीं वृद्ध आईबापांसही बाहेर आणिलें. इस्राएल लोकांस मिसर देशांतून काढणाऱ्या मोशेचें नांव लोकांनीं त्यांस दिलें तें यामुळेंच.

आतां पाटीवरील ३०० या आंकड्याविषयीं. तो सन १८६९ मध्यें छापलेल्या एका चरित्रांतून पसरला. पुढील संशोधकांनीं नांवनिशीवार शोध केला तेव्हां सुमारें १३ फेऱ्या व सुमारें ७० माणसें एवढा हिशेब लागला. यानें बाईंची थोरवी कमी झाली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. उलट, एकेका जिवासाठीं त्यांनीं आपला जीव किती वेळां पणास लाविला हें खऱ्या आंकड्यावरूनच उमगतें. शिवाय सन १८६३ च्या जून महिन्यांत, यादवी युद्ध चालू असतां, दक्षिण कॅरोलिनांतील कोंबाही नदीवरील स्वारींत त्यांनीं सरकारी फौजेस वाट दाखविली, आणि एकाच स्वारींत ७०० हून अधिक गुलाम सुटले. ही गोष्ट पाटींत नाहीं!

युद्धानंतर बाई न्यूयॉर्क संस्थानांतील ऑबर्न गांवीं राहिल्या. हातीं पैसा नसतांही निराधारांस घरीं ठेवीत. त्यांच्या खटपटीनें सन १९०८ त वृद्धांसाठीं आश्रम उघडला, आणि तेथेंच १० मार्च १९१३ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

महात्मा जोतीराव फुले यांनीं सन १८७३ त आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या सज्जनांच्या मालिकेंत ही दास्यांत जन्मलेली बाईही बसते.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, हॅरिएटबाईंस लिहितां-वाचतां येत नव्हतें. आपल्याविषयीं कोणीं काय लिहिलें हें त्यांस वाचतां आलें नाहीं, मग सुधारणें तर दूरच. म्हणून ज्यांस अक्षरें लाभलीं त्यांजवर अधिक भार आहे. आपल्याही गांवच्या वेशीवर, पारावर, पुलावर कोरलेले दगड आहेत. ते अवश्य वाचा, त्यांतील थोरांस वंदन करा. परंतु त्यांत काय वाढविलें व काय राहिलें हेंही शोधा. थोर माणसांस आपल्या पदरच्या भरीची गरज नसते. त्यांस सत्यच पुरेसें असतें.