संस्कृतच्या वर्गातला कप्तान

खेळाने पोट भरत नाही, अशी आमच्या घरातली समजूत आहे आणि ती अगदीच खोटी आहे असे मला म्हणवत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. कबड्डीच्या सरावापायी संध्याकाळची गाडी चुकली आणि पेणहून रोह्याला पोचायला रात्र झाली, की आईच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही. यंदा तर आमचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरून परत आला. खेळही गेला आणि अभ्यासही गेला, असे वाटू लागले. त्याच दिवसांत प्रा. दिनकर बळवंत देवधर यांच्याविषयी ग्रंथालयात बसून वाचले. त्यांची हकिगत माझ्या मैत्रिणींना सांगावी, म्हणून हा लेख.

देवधरांचा जन्म 14 जानेवारी 1892 रोजी पुण्यात झाला. पुढे ते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले. एका हातात संस्कृतचे पुस्तक आणि दुसऱ्या हातात बॅट, असे त्यांचे सारे आयुष्य गेले. त्यांच्या काळी क्रिकेट हा राजेरजवाड्यांच्या आश्रयावर पोसलेला खेळ होता. देवधरांपाशी होती ती कॉलेजातली नोकरी.

1926 साली आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एम. सी. सी. संघ आपल्याकडे आला. मुंबईच्या सामन्यात देवधरांनी भारतीय संघाकडून 148 धावा काढल्या. आपली माणसे इंग्रजांच्या बरोबरीने खेळू शकतात, हे त्या दौऱ्यात दिसले. परंतु 1932 साली भारताचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर झाला, तेव्हा देवधर त्या संघात नव्हते. त्यांचे वय 40 झाले होते. पुढेही कसोटी सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. इथेच दुसऱ्या कोणी बॅट खुंटीला टांगली असती.

देवधरांचे मोठे काम मात्र यानंतरचे आहे. रणजी करंडक स्पर्धा 1934-35 साली सुरू झाली आणि पहिली दोन्ही वर्षे मुंबईने करंडक जिंकला. शेजारच्या बलाढ्य मुंबईपुढे महाराष्ट्राचा संघ लहान. या संघाची धुरा देवधरांनी वाहिली. विजय हजारे, रंगा सोहनी यांच्यासारखे त्यांच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान खेळाडू त्यांच्या हाताखाली खेळले. 1939-40 च्या हंगामात हजाऱ्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा काढल्या. रणजी स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक. त्याच हंगामात पुण्याला झालेल्या अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवून महाराष्ट्राने पहिल्यांदा करंडक मिळवला.

दुसऱ्या हंगामात गाठ मुंबईशीच पडली. देवधर तेव्हा 48 वर्षांचे होते. या वयात माणसे नातवंडांची वाट पाहू लागतात. त्यांनी मुंबईच्या गोलंदाजांना तोंड देत 246 धावा काढल्या! महाराष्ट्राच्या 675 धावा झाल्या. मुंबईनेही हार मानली नाही, 650 पर्यंत मजल मारली. अवघ्या 25 धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला आणि मद्रासच्या अंतिम सामन्यात सहा गडी राखून सलग दुसऱ्यांदा करंडक जिंकला. 1944 साली नवानगरविरुद्ध देवधरांनी दोन्ही डावांत शतके ठोकली, तेव्हा त्यांना 52 वर्षे पुरी झाली होती.

मला सर्वांत जवळची वाटली ती आणखी एक गोष्ट. त्यांनी मुलींनाही खेळू दिले. तारा, सुमन आणि सुंदर या देवधर भगिनींनी 1940 च्या दशकात बॅडमिंटनचे मैदान गाजवले. तो काळ लक्षात घेतला, म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.

सरकारने 1965 साली पद्मश्री आणि 1991 साली पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. 1973-74 पासून त्यांच्या नावाने देवधर करंडक स्पर्धा सुरू झाली. वयाची शंभरी पार करून 24 ऑगस्ट 1993 रोजी त्यांनी पुण्यात शेवटचा श्वास घेतला.

त्यांच्यासारखे यश आपल्यालाही मिळेल, असे म्हणण्याइतकी मी भोळी नाही. देवधरांपाशी नोकरी होती. आमच्यापाशी अजून पदवीसुद्धा नाही. पण मोठ्या संघात जागा मिळाली नाही म्हणून आपला लहान संघ हलका मानायचा नसतो, एवढे मला त्यांच्याकडून कळले. आमच्या सातजणींचा संघ हरला, तरी तो आमचा आहे.

देवधरांच्या मुलींची हकिगत मी घरी आईला सांगितली. ती भाकऱ्या थापत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला सांगितले, की उशिराच्या गाडीने आलीस तरी चालेल, पण निकालाचा कागद आधी माझ्या हातात दे. तिला वाचता येत नाही. तो मीच तिला वाचून दाखवणार आहे.