विल्यम पामर (हैदराबादचा सावकार)

विल्यम पामर (इ.स. १७८० – इ.स. १८६७) हा हैदराबादचा सावकार व ‘विल्यम पामर आणि कंपनी’ या पेढीचा प्रमुख होता. निजामाच्या वऱ्हाड सुभ्यातील, म्हणजे आजच्या अमरावती, अकोला व लगतच्या जिल्ह्यांतील, फौजेचा पगार काही काळ या पेढीच्या कर्जावर चालत असे.

कुटुंब

त्याचे वडील जनरल विल्यम पामर हे पुढे पुण्यास पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचे रेसिडेंट होते. आई फैज बक्श बेगम. जनरलचा सेंट किट्स बेटावर सारा हेझेल हिच्याशी आधीच विवाह झालेला होता. त्यामुळे फैज बक्शबरोबरचे त्यांचे दीर्घ सहजीवन इंग्रजी कायद्याने विवाह मानले नाही व मुले अनौरस ठरली. कलकत्त्याचा प्रसिद्ध व्यापारी जॉन पामर हा विल्यमचा सावत्र भाऊ होय. इ.स. १७९१ पासून कंपनी सरकारने भारतीय मातांच्या मुलांना आपल्या मुलकी व लष्करी नोकऱ्यांची दारे बंद केली. विल्यमचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले होते, तरी त्याला निजामाच्या फौजेत चाकरी धरावी लागली.

पेढी आणि वऱ्हाड

इ.स. १८०३ मध्ये अकोला भागातील अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. एलिचपूर (अचलपूर) येथे फौज राहिली. तिचा पगार वेळेवर देणे निजामाच्या खजिन्याला जमेना. फौजेची चाकरी सोडून सावकारीत उतरलेल्या पामरने हा पैसा पुरवला व बदल्यात मुलखाचा महसूल तारण घेतला.

ब्रिटिश प्रजाजनांनी संस्थानिकांना कर्ज देण्यास इ.स. १७९७ च्या कायद्याने मनाई होती. इ.स. १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने पामरच्या पेढीला सूट दिली. यामागील नातेसंबंध लक्षात घेण्याजोगा आहे. प्रिन्स रीजंटचा जुना स्नेही असलेल्या हेस्टिंग्जने लॉर्ड रँक्लिफची पोरकी मुलगी हॅरिएट पार्किन्स हिचा सांभाळ केला होता. तिचा पती सर विल्यम रंबोल्ड हेस्टिंग्जबरोबर भारतात आला आणि पामरचा भागीदार बनला. अनौरस जन्मामुळे कंपनीची नोकरी ज्याला मिळू शकत नव्हती, त्याची पेढी आता गव्हर्नर जनरलच्या घराशी जोडली गेली.

पतन

इ.स. १८२० मध्ये पेशकार चंदूलालच्या कारभारात साठ लाखांचे कर्ज मंजूर झाले. त्याच वर्षी आलेला रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने चढ्या व्याजावर व महसुलाच्या गहाणावर कडक आक्षेप घेतला. या बोजाची वसुली अखेर रयतेकडूनच होत होती. लंडनच्या संचालकांनीही हेस्टिंग्जला दोष दिला. उत्तर सरकार प्रांताची वार्षिक खंडणी एकरकमी देऊन कंपनीने निजामाचे देणे फेडले आणि इ.स. १८२४ मध्ये पेढी बुडाली.

हैदराबाद कंटिंजंट फौजेचा खर्च मात्र चालूच राहिला. त्या थकबाकीपोटी इ.स. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. पामरचे निधन त्यानंतर चौदा वर्षांनी हैदराबादेतच झाले.