सार्वजनिक काकांचें मुखत्यारपत्र

लोकांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न पुढाऱ्यांची संख्या वाढते तसा बिकट होत जातो. गणेश वासुदेव जोशी यांनीं त्याचें उत्तर १८७० सालींच कृतीनें दिलें होतें.

जोशी यांचा जन्म १८२८ सालीं साताऱ्यास झाला; वकिली त्यांनीं पुण्यांत केली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीं लोकांत कुरकुर होती. तींतूनच २ एप्रिल १८७० रोजीं पुणें सार्वजनिक सभा जन्मास आली. वकीलपत्रावांचून कोर्टांत उभें राहतां येत नाहीं, हा आमच्या धंद्यांतला नियम त्यांनीं राजकारणास लावला, असें आम्हांस वाटतें. सभासद होऊं इच्छिणारानें निदान पन्नास लोकांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें, असें ठरलें. सुमारें ६००० लोकांनीं ९५ प्रतिनिधि निवडले, आणि तेंही सरकारनें सांगितलेलें नसतां! या कामांत ते इतके बुडून गेले कीं, लोक त्यांस सार्वजनिक काकाच म्हणूं लागले.

आधीं चौकशी, मग अर्ज, ही सभेची रीत. रयतेच्या स्थितीची चौकशी सभेनें १८७२ च्या सुमारास हातीं घेतली. दोनच वर्षांनीं, भीमाकांठचें वडगाव रासाई ज्या शिरूर तालुक्यांत आहे त्याच तालुक्यांतील कर्डें गांवीं रयतेनें सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें तर कर्जरोख्यांची होळी झाली. वाढलेला सारा, अमेरिकेंतील यादवी संपतांच कोसळलेला कापसाचा भाव आणि चढतें व्याज, या तिहींत कुणबी सांपडला होता. येथें सभेचें उणें सांगितलें पाहिजे. तिच्यांत सरदार, इनामदार, वकील, सावकार यांचा भरणा. ज्याचें खत तो कुणबी मात्र बाहेरच. महार-मांगांचें व स्त्रियांचें मुखत्यारपत्र कोणी मागितलेंही नाहीं.

तरी १८७६-७७ च्या दुष्काळांत सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांत माणसें पाठवून हकीकती जमविल्या आणि त्या सरकारपुढें मांडल्या. माधवराव रानड्यांची लेखणी आणि काकांची पायपीट, असा तो जोड होता. १८७७ च्या दिल्ली दरबारास काका खादीच्या पोशाखांत गेले. १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडक्यांचा खटला उभा राहिला, तेव्हां त्यांचें वकीलपत्र काकांनीं घेतलें. २५ जुलै १८८० रोजीं ते वारले.